ए४ पीडीएफची घडीची पुस्तिका: पीडीएफजॅमने पानं लावली, पण मागची बाजू उलटी छापून येते

कोरं_पान (प्रश्न)

११८ पृष्ठांचं मॅन्युअल आहे, ए४, उभं. त्याची ए५ पुस्तिका करायची आहे. म्हणजे आडव्या ए४ कागदावर शेजारी शेजारी दोन पृष्ठं, पाठपोट छपाई आणि मधोमध घडी. लिनक्स, कप्स (लिनक्सची छपाई यंत्रणा), आपोआप पाठपोट छापणारा लेझर प्रिंटर. पानं लावायला पीडीएफजॅम हे कमांडवर चालणारं टूल घेतलं. वापरलेली कमांड:

पीडीएफजॅम --बुकलेट ट्रू --लँडस्केप --आउटफाइल पुस्तिका.पीडीएफ मॅन्युअल.पीडीएफ

फाइल तयार होते, एररही येत नाही. तक्रारी अशा:

१. प्रत्येक कागदाची मागची बाजू डोक्यावर उभी येते.
२. ३० कागद एकात एक घातले की घडी बसत नाही आणि मधली पानं बाहेर डोकावतात.
३. अक्षर फारच बारीक होतं, आणि चारी बाजूंना पांढरी जागा मात्र भरपूर उरते.
४. सगळा मजकूर मिळून चौकटीत थोडा आखडल्यासारखा दिसतो, आणि वरखाली एकसारखी जागा सुटत नाही. मुखपृष्ठ तेवढं व्यवस्थित बसलंय.

प्रिंटरच्या खिडकीतला 'बुकलेट' पर्याय नको आहे. हेच काम दर महिन्याला नव्या आवृत्तीसाठी करायचंय, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये बसेल असं सांगा.

---

घडीमोड

आधी एक खुलासा. कमांड आणि ऑप्शन खाली उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे, आणि × दिसेल तिथे एक्स हे अक्षर.

तक्रार १. यात पीडीएफजॅमचा दोष नाही. त्याने केलेल्या फाइलमध्ये पुढची आणि मागची दोन्ही पृष्ठं सरळच असतात, स्क्रीनवर पाहून घ्या. प्रिंटर कागद लांब कडेवरून उलटवतोय. उभ्या पानाला ते बरोबर आहे, पण आडवा कागद लांब कडेवरून उलटला की खालचं वर जातं. इथे पुस्तकासारखा, म्हणजे आखूड कडेवरून उलटायला हवा:

एलपी -ओ साइड्स=टू-साइडेड-शॉर्ट-एज -ओ मीडिया=ए४ -ओ प्रिंट-स्केलिंग=नन पुस्तिका.पीडीएफ

शेवटचं ऑप्शन विसरू नका. ते नसलं तर काही ड्रायव्हर फाइल पुन्हा 'कागदात बसवतात', म्हणजे आधीच लहान झालेलं पान आणखी तीन-चार टक्के आकसतं आणि मधली रेघ कागदाच्या मध्यावर राहत नाही. आकार बदलायचं काम एकाच ठिकाणी व्हावं: एक तर टूलमध्ये, नाहीतर प्रिंटरमध्ये. स्क्रिप्ट करायची आहे तर टूलमध्येच.

काही ड्रायव्हर आडवं पान आतल्या आत उभं करून घेतात आणि मग 'लांब' आणि 'आखूड' यांची अदलाबदल होते. म्हणून आठ पृष्ठांची, नुसते मोठे आकडे असलेली चाचणी फाइल करून ठेवा. दोन कागदांत निकाल लागतो.

तक्रार २. बुकलेट ट्रू म्हटलं की सगळी फाइल एकच फर्मा धरली जाते. फर्मा म्हणजे एकात एक घालून एकत्र घडी घातलेल्या कागदांचा गठ्ठा; छापखान्यात ज्याला फर्मा म्हणतात तेच इथे 'सिग्नेचर'. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. घडी घालून एकात एक कागद सरकवले की आतला प्रत्येक कागद बाहेरच्यापेक्षा एका जाडीने पुढे येतो. ३० कागदांत सर्वांत आतला जवळजवळ ३ मिमी बाहेर डोकावणारच. कड कापून सरळ केली तर मधल्या पानांचा बाहेरचा समास तेवढाच कमी होतो. पीडीएफजॅम हे सरकणं हिशेबात घेत नाही.

उपाय म्हणजे लहान फर्मे:

पीडीएफजॅम --सिग्नेचर २० --लँडस्केप --पेपर ए४पेपर --आउटफाइल पुस्तिका.पीडीएफ मॅन्युअल.पीडीएफ

सिग्नेचरचा आकडा पृष्ठांचा आहे, कागदांचा नाही, आणि त्याला ४ ने भाग जायला हवा. तो निवडताना कोऱ्या पानांचा हिशेब करा. ११८ नंतर ४ ने भाग जाणारा पहिला आकडा १२०. मग १२, २० किंवा २४ घ्या: अनुक्रमे १० फर्मे (प्रत्येकी ३ कागद), ६ फर्मे (५ कागद), ५ फर्मे (६ कागद). तिन्हींत कोरी पानं दोनच. नेहमीचं म्हणून १६ घेतलं तर १२८ पर्यंत जावं लागतं आणि शेवटी १० कोरी पानं लटकतात. २० मध्ये सरकणं ०.४ मिमीच्या आसपास राहतं, ते डोळ्याला जाणवत नाही.

क्रम बरोबर लागलाय का ते पाहायची सोपी खूण: फर्म्यातल्या कुठल्याही एका बाजूवर शेजारी असलेल्या दोन पृष्ठांची बेरीज नेहमी सारखी येते. २० च्या पहिल्या फर्म्यात पहिला कागद पुढून २०–१, मागून २–१९. दुसरा पुढून १८–३, मागून ४–१७. पाचवा पुढून १२–९, मागून १०–११. बेरीज सगळीकडे २१. दुसऱ्या फर्म्यात ४०–२१, म्हणजे ६१. बेरीज चुकली की कुठेतरी पान जास्तीचं घुसलंय किंवा गळलंय.

छापतानाही फर्म्याफर्म्याने छापा. एका फर्म्याच्या १० बाजू होतात, तेव्हा एलपीला -पी १-१०, मग -पी ११-२०. कागद अडकला तर एकाच फर्म्याचं नुकसान.

---

टर्मिनल_टिपणं

तक्रार ४ बद्दल. पीडीएफजॅम म्हणजे लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीतल्या पीडीएफपेजेस पॅकेजवर चढवलेली शेल स्क्रिप्ट. पीडीएफपेजेस पहिल्या पृष्ठाचा आकार साचा म्हणून धरतं आणि पुढची सगळी पृष्ठं त्या चौकटीत बसवतं. तुमचं मुखपृष्ठ वेगळ्या मापाचं असणार. तपासा:

पीडीएफइन्फो -एफ १ -एल ११८ मॅन्युअल.पीडीएफ

ए४ असेल तर ५९५ × ८४२ पॉइंट दिसेल. मुखपृष्ठापुढे ६१२ × ७९२ आलं तर ते 'लेटर' आहे: ए४ पेक्षा रुंद आणि बुटकं. सगळं मॅन्युअल त्या बुटक्या चौकटीत कोंबलं जातंय, म्हणून आखडलेलं दिसतं. मुखपृष्ठ आधी वेगळं ए४ वर चढवा आणि मग जोडा, किंवा पेजटेम्प्लेट ऑप्शनने दुसरं एखादं पृष्ठ साचा म्हणून द्या. पहिला मार्ग बरा, कारण दुसऱ्यात पुढच्या महिन्यात पानांचे आकडे हलले की साचाही हलतो.

आता तक्रार ३, खरं काम इथेच आहे. ए४ वरून ए५ म्हणजे ०.७०७ पट. १० पॉइंटचं अक्षर ७ पॉइंट होतं, वाचणाऱ्याचे हाल. पण समासही त्याच पटीत आकसतात आणि त्यांची पुस्तिकेत तेवढी गरज नसते. म्हणून आधी समास छाटा.

समजा चारही बाजूंना २५ मिमी समास आहे. डावी-उजवीकडून १२ आणि वर-खालून १७ मिमी छाटा. १२ ला १.४१४ ने गुणलं की १७ येतात, म्हणजे पानाचं प्रमाण बिघडत नाही. उरतं १८६ × २६३ मिमी. ते १४८.५ × २१० मध्ये बसताना पट होते ०.७९८. १० पॉइंटचं अक्षर आता ८ पॉइंट. कडेला उरलेले १३ मिमी छापल्यावर सुमारे १०.४ होतात आणि वरखालचे ८ मिमी ६.४ होतात. लेझर प्रिंटर सहसा कडेचे चार-पाच मिमी छापत नाही, त्यामुळे याहून जास्त छाटू नका.

पीडीएफजॅम --सिग्नेचर २० --लँडस्केप --ट्रिम '१२मिमी १७मिमी १२मिमी १७मिमी' --क्लिप ट्रू …

ट्रिमचा क्रम डावं, खालचं, उजवं, वरचं. क्लिप ट्रू दिलं नाही तर छाटलेला भाग मोजमापातून जातो पण कागदावर दिसतच राहतो, आणि शेजारच्या पृष्ठावर चढतो. पृष्ठक्रमांक तळापासून १७ मिमीच्या आत असेल तर तोही कापला जाईल, आधी मोजा.

यासाठी पीडीएफक्रॉप सुचवणारे भेटतील. ते मूळ रूपात वापरू नका. ते प्रत्येक पृष्ठ त्याच्यावरच्या मजकुराइतकं कापतं. प्रकरणाच्या शेवटी तीन ओळी असलेलं पृष्ठ म्हणजे नुसती पट्टी उरते, आणि पुढच्या पायरीला ती पट्टी भलत्याच जागी, भलत्याच मापात बसते. वापरायचंच तर सगळ्यांना एकच चौकट द्या: --बीबॉक्स '३४ ४८ ५६१ ७९४'. वरचंच माप, पॉइंटमध्ये.

शिवणीकडे जास्त जागा हवी असेल तर ते दोन फेऱ्यांत करा. पहिल्या फेरीत पानं एकेकटीच ठेवून --टूसाइड --ऑफसेट '४मिमी ०मिमी'. टूसाइड असताना धन ऑफसेट मजकूर बाहेरच्या कडेकडे ढकलतो, म्हणजे विषम पृष्ठ उजवीकडे, सम पृष्ठ डावीकडे. दुसऱ्या फेरीत ट्रिम आणि सिग्नेचर. वरच्या मापात आतला समास साडेतेरा आणि बाहेरचा सात मिमी होतो. दोन फेऱ्यांनी अक्षराचा दर्जा उतरत नाही, पानं जशीच्या तशी आत ठेवली जातात, त्यांचं चित्र बनत नाही.

---

सुईदोरा

वरच्या दोघांशी सहमत, फक्त कोऱ्या पानांबद्दल थोडं. दोन्ही कोरी पानं शेवटी जातात, बरेचदा तेच ठीक. काहींना मुखपृष्ठामागे कोरं हवं असतं. त्यासाठी पानांच्या यादीत रिकामा महिरपी कंस देता येतो: '१,{},२-'. पण असं एकच कोरं घातलं की पुढची सगळी विषम पृष्ठं डावीकडे जातात. प्रकरणं डाव्या पानावर सुरू होतात आणि टूसाइड ऑफसेट नेमका उलट्या बाजूला लागतो. घालायचीच तर दोन घाला, किंवा मुखपृष्ठ या हिशेबातून काढून जाड कागदावर वेगळं छापा.

यादी अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर कंसांचा अर्थ शेल आपल्या पद्धतीने लावतं.

आणि भरलेले फॉर्म, शेरे, स्टिकी नोट्स असलेली फाइल असेल तर सावधान. पीडीएफपेजेस पानाचा मूळ मजकूर उचलतं, त्यावरचे ॲनोटेशन मागे राहतात. रकाने भरलेले दिसतात आणि छापल्यावर कोरे येतात. आधी क्यूपीडीएफ या पीडीएफ हाताळणाऱ्या टूलने क्यूपीडीएफ --जनरेट-अपिअरन्सेस --फ्लॅटन-ॲनोटेशन्स=ऑल आत.पीडीएफ बाहेर.पीडीएफ करून घ्या. लिंका आणि बुकमार्कही जातात, पण कागदावर त्यांचं काय काम.

घडीबद्दल: ए४ कागदाचे तंतू सहसा लांब बाजूला समांतर असतात आणि ए५ ची घडी त्यांना आडवी जाते. त्यामुळे फर्मा मिटून राहत नाही, फुगतो. पट्टीच्या कडेने दाबून घडी मोडा आणि शिवण्याआधी फर्मे रात्रभर वजनाखाली ठेवा. सहा कागदांच्या पुढे हे फार जाणवतं, म्हणून २४ पेक्षा २० बरं.

---

दुपानी

टेकलाइव्हचं (पीडीएफजॅमला लागणाऱ्या लाटेकच्या संचाचं) ओझं नको असेल तर दोन पर्याय.

पीएसयूटिल्स. ॲन्गस डग्गन यांनी लिहिलेला जुना संच, पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेतल्या फाइलींसाठी. तिसऱ्या आवृत्तीपासून पीडीएफही घेतो. पीएसबुक -एस२० फक्त क्रम लावतं, पीएसनप -२ दोन पृष्ठं एका बाजूवर बसवतं. कामं वेगळी असल्याने चूक कुठल्या पायरीत आहे ते लगेच कळतं. पीएसटॉप्समध्ये तर जागा आकड्यांनी सांगता येते. ए४ पुस्तिकेच्या पुढच्या बाजूंचं सूत्र असं:

४:-३एल@.७(२१सेमी,०)+०एल@.७(२१सेमी,१४.८५सेमी)

वाचायचं असं: चार-चार पृष्ठांचे गट करा, गटातली मोजणी शून्यापासून. उणे ३ म्हणजे शेवटाकडून मोजलेल्या गटातलं ३ क्रमांकाचं, म्हणजे पहिल्या कागदासाठी फाइलचं शेवटचं पृष्ठ. एल म्हणजे डावीकडे पाव फेरा, @.७ ही पट, कंसात सरकवायचं अंतर. डावीकडे फिरवलेलं पान कोपऱ्याच्या पलीकडे, कागदाबाहेर पडतं, म्हणून २१ सेमी उजवीकडे ओढायचं. अधिक चिन्ह म्हणजे त्याच बाजूवर पुढचं पृष्ठ, ते १४.८५ सेमी वर, म्हणजे २९.७ च्या निम्म्यावर. मागच्या बाजूंसाठी १एल आणि -२एल, बाकी तेच. स्वल्पविराम दिला तर मात्र नवी बाजू सुरू होते. + आणि , यांची गल्लत हीच इथली नेहमीची चूक.

जुनी आवृत्ती असेल आणि पीडीएफचं पोस्टस्क्रिप्ट करून परत पीडीएफ करावं लागत असेल, तर पारदर्शक थर असलेली चित्रं सपाट होतात आणि फाइल फुगते. तेव्हा हा नाद सोडा.

दुसरं पीडीएफसीपीयू. गो भाषेतली एकच बायनरी, बुकलेट कमांड आहे, मल्टिफोलिओ ऑन आणि फोलिओसाइझ ८ असं देऊन लहान फर्मे पाडता येतात. गाइड्स ऑन केलं की घडीच्या आणि कापायच्या रेघाही छापतं. स्क्रिप्टला सोयीचं आहे, पण ट्रिमचं वरचं बारीक काम पीडीएफजॅममध्ये जास्त हातात राहतं.

शिवायचं नसेल, मधोमध कापून गठ्ठ्याला पाठीवर गोंद लावायचा असेल तर फर्मे लागतच नाहीत. तिथे १ शेजारी ६१ हवं, म्हणजे कापल्यावर डावा गठ्ठा उजव्यावर ठेवला की झालं. पाठपोटचा क्रम १, ६१, ६२, २, ३, ६३, ६४, ४ असा. हा क्यूपीडीएफच्या कोलेटने एका ओळीत लागतो:

क्यूपीडीएफ --एम्प्टी --कोलेट --पेजेस म.पीडीएफ १-६०:ऑड म.पीडीएफ ६१-१२०:ऑड म.पीडीएफ ६१-१२०:ईव्हन म.पीडीएफ १-६०:ईव्हन -- क्रम.पीडीएफ

कोलेट प्रत्येक गटातून एकेक पृष्ठ आळीपाळीने उचलतं. ऑड-ईव्हन हे त्या पट्ट्यातल्या जागेवरून ठरतं, छापलेल्या पृष्ठक्रमांकावरून नव्हे. इथे पट्टे विषम आकड्यापासून सुरू होतात म्हणून दोन्ही जुळतात. फाइलमध्ये खरोखर १२० पृष्ठं हवीत, ११८ असतील तर पट्टा चुकीचा म्हणून थांबेल. आधी '१-,{},{}' ने कोरी जोडून घ्या. मग क्रम.पीडीएफवर --नप २×१ --लँडस्केप, आणि छापताना आखूड कडच.

---

कोरं_पान

आखूड कड, सिग्नेचर २० आणि ट्रिम, तिन्ही लागू झालं. मुखपृष्ठ खरंच ६१२ × ७९२ निघालं. आता एकच उरलंय. कागद उजेडासमोर धरला की पुढची आणि मागची मधली रेघ जुळत नाही, आडव्या दिशेने २ मिमीचा फरक. प्रत्येक कागदावर तेवढाच.

---

घडीमोड

प्रत्येकावर तेवढाच म्हणजे दुरुस्त होण्यासारखा आहे. कागदागणिक बदलत असता तर ट्रेमधल्या कडेच्या पट्ट्या सैल आहेत असं समजायचं. कागद वाकडा शिरतो आणि त्यावर फाइलमध्ये उपाय नाही. थोडाफार फरक तसाही राहतो, कारण पहिल्या बाजूला उष्णता लागून कागद किंचित आकसतो.

तयार पुस्तिकेवर तिसरी फेरी करा: --लँडस्केप --ऑफसेट '१मिमी ०मिमी', टूसाइडशिवाय. २ चा फरक असताना १ का? कागद उलटल्यावर मागच्या बाजूचं 'उजवं' हे पुढच्या बाजूचं 'डावं' होतं. दोन्ही बाजू आपापल्या उजवीकडे १ मिमी सरकल्या की प्रत्यक्षात त्या एकमेकींकडे मिळून २ मिमी येतात. टूसाइड दिलं तर दोन्ही एकाच दिशेला जातील आणि फरक होता तेवढाच राहील.

दिशा उलटी असेल तर फरक ४ मिमी होईल, मग उणे १ द्या. मापायला ट्रिमच्या फेरीत एकदा --फ्रेम ट्रू लावून एकच कागद छापा, चौकटीच्या रेघा उजेडात स्पष्ट दिसतात. हा आकडा प्रिंटरचा आहे, फाइलचा नाही, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये वर वेगळा चल म्हणून ठेवा. ट्रे बदलला तरी तो बदलू शकतो.